परवडतं का

मीना राशिदच्या फाटकावर दर शनिवारी
माझी पिशवी यंत्रातून जाते,
पडद्यावर ट्यूनिंगची चावी दिसते
आणि तोच पोलीस तोच प्रश्न विचारतो.
मी हवेत बोटं नाचवतो: पियानो, पियानो.
तो हसत नाही. पास गळ्यात. सहा तास.

वरच्या मजल्यावर चार स्वीट,
प्रत्येकात एक काळा बेबी ग्रँड,
पाय जमिनीला बोल्टनं आवळलेले,
लाट आली तर पाहुण्याच्या अंगावर येऊ नये म्हणून.
बाल्कनीचं दार उघडलं की आखाताची दमट वाफ,
लावलं की एसीचा कोरडा वारा.
लाकूड दोघांचंही ऐकतं
आणि आठवड्यात सूर उतरतो.
मग मी.

या वेळी मॅनेजरनं हातात कागद दिला.
मे महिन्यात जहाज गोदीत जाणार,
पियानोच्या जागी वाफेच्या स्नानाची खोली काढायचं घाटतंय.
रकाने तीन: वापर. वर्षाचा खर्च.
आणि ठेवणं परवडतं का.
"तज्ज्ञ तुम्ही," म्हणाला, आणि लिफ्टमध्ये शिरला.

हौसेला मोल नाही, म्हणतात आमच्याकडे.
इथं आहे. माझेच एकेकाचे चारशे दिरहॅम.

पाहुणे काय सांगायचं ते सांगोत,
पियानो आतून खरं बोलतो.
वाजवलेल्या हातोडीच्या नमद्यावर
तारांच्या तीन बारीक रेषा उमटतात,
माझ्या खांद्यावर पिशवीचा पट्टा उमटलाय तशा.

पहिल्या स्वीटमधला नमदा कोरा,
लग्नात एकदा नेसून ठेवलेल्या शालूसारखा.
दुसराही तसाच. झाकणावर ग्लासाचं गोल,
पट्ट्यांच्या फटीत ऑलिव्हची बी.
तिसऱ्यात अगदी डावीकडचा, सगळ्यात खालचा
एकच सूर पार कुटून काढलेला.
कुणाचं तरी पोर. देव त्याचं भलं करो.

चौथ्यात मधले पाच.
सा ते प. बाकी त्र्याऐंशी कोरे.
पाहुणे दर शनिवारी बदलतात,
या रेषा मात्र एकाच हाताच्या होत्या.

लिझेल पलंगाची चादर बदलत होती.
मी काही विचारलं नाही.
तपासायला म्हणून पाची सूर वाजवले, एकेक.
चौथ्याला ती थांबली, उशी अभ्र्यात अर्धी.
"सर, कम्प्लेंट आली का?"
"नाही."
"पाहुणे नाश्त्याला गेले की, फक्त पाच मिनिटं.
हात धुऊन."

हात धुऊन.

मिरजेत आमच्या छपरावर भोपळे वाळत असायचे
आणि खाली अब्बा तंबोऱ्याची जवारी लावत बसायचे,
एका धाग्याच्या फरकासाठी अख्खी दुपार.
मी पियानोचं शिकून आलो तेव्हा म्हणाले,
"बारा सुरांत परत्येकाला जरा जरा बेसूर करायचं,
म्हंजे समद्यांचं भागतं?
पोरा, ह्यो सूर न्हाई, ही भिशी हाय."

मी दार लोटलं.
ते पाच सूर भिशीतून काढले,
पंचम असा मिळवला की तार गप्प झाली
आणि खोलीच बोलायला लागली.
बाकीचे थोडे नाराज झाले असतील.
त्यांना विचारतंय कोण.

मग कागद.
तिघांपुढे लिहिलं, काढा.
माझ्या पोटावर माझाच पाय: शनिवारचे बाराशे गेले.
चौथ्यापुढे वापर या रकान्यात लिहिलं, रोज.
कुणाचा, असा रकाना नव्हता.
परवडतं का, तिथं पेन जरा अडलं,
पाहुण्यांचा हिशेब मला येत नाही,
म्हणून नुसती बरोबरची खूण केली
आणि सही.

बाहेर पडताना फाटकावर तोच पोलीस.
पिशवी यंत्रात घालायच्या आधीच
त्यानं हवेत बोटं नाचवली,
एका हाताची, पाच.